औषधातली भांग आणि गाडीचं हँडल

एका बचत गटातून आमच्याकडे प्रश्न आला: घरातल्या माणसाला जुन्या दुखण्यावर वैद्यांनी ‘विजया’चं औषध दिलंय आणि तो प्रवासी जीप चालवतो. चिठ्ठी खिशात असली म्हणजे पोलीस काही करणार नाहीत ना?

विजया म्हणजे भांग. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा-चरस येतात, पण शेंडे नसलेली नुसती पानं गांजाच्या व्याख्येत बसत नाहीत. म्हणून पानांची आयुर्वेदिक औषधं परवाना घेऊन बनवता येतात. मात्र औषधांच्या नियमांत भांग विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, म्हणून वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यावी अशी सूचना औषधावर छापावी लागते. शेजारच्याने दिलेली, लेबल नसलेली बाटली म्हणजे औषध नव्हे.

आता गाडीचं. मोटार वाहन कायद्याचं कलम 185 सगळ्यांना दारूपुरतंच माहीत असतं. दारूला आकडा आहे: 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर गेली की गुन्हा. नशेच्या इतर पदार्थांना आकडाच नाही. त्याच्या अंमलाखाली गाडीवर ताबा ठेवता येत नाही अशी अवस्था असली, की गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. वैद्यांनी दिलं होतं म्हणून सूट, असं त्या कलमात कुठेही लिहिलेलं नाही. इंग्लंडमध्ये 2015 पासून चिठ्ठीप्रमाणे औषध घेणाऱ्याला बचाव मांडता येतो, पण हात खरोखर डगमगला असेल तर तिथेही सुटका नाही. आम्हाला हे बरोबर वाटतं. समोरून येणाऱ्या बाईला चिठ्ठीचा काय उपयोग?

फुंकायच्या मशीनवर भांग दिसत नाही, म्हणून काहीजण निर्धास्त असतात. पण अटक झाली तर पोलीस ठाण्यात डॉक्टरांकडून रक्ताचा नमुना घेता येतो. बाईचा नमुना बाईनेच, नाहीतर बाईच्या हजेरीतच घ्यायचा, हे लक्षात ठेवा. आता आपल्यातल्या कितीतरी जणी स्कूटी चालवतात. शिवाय नशेत अपघात झाला तर विमा कंपनी गाडीच्या नुकसानीची भरपाई नाकारू शकते. जीप कर्जाची असेल तर हप्ते मात्र चालूच.

भांग खाल्ली की तिचा अंमल लगेच येत नाही, तास-दीड तासाने चढतो आणि बराच वेळ टिकतो. तळोद्याला बरं वाटत होतं, आणि चांदशैली घाटाच्या वळणावर डोळे जड झाले, असं होऊ शकतं. तोरणमाळच्या यात्रेला जीप भरून निघतात, तेव्हा हा हिशेब मागच्या बाकावरच्या सगळ्यांचा असतो.

आणि एकटी भांगच नाही. सर्दीच्या काही गोळ्या, खोकल्याची काही औषधं, झोपेच्या आणि फिटच्या गोळ्या यांनीही गुंगी येते. म्हणून औषध घेताना तिथेच विचारा: ‘हे घेऊन गाडी चालवायची का? किती तासांनी?’ गुंगीचं औषध रात्री घेता येईल का, तेही विचारा. नवीन औषध सुरू केलं किंवा डोस वाढवला, तर गुंगी येते की नाही हे कळेपर्यंत गाडी दुसऱ्याच्या हातात द्या. फिटची गोळी मात्र गाडीसाठी आपल्या मनाने बंद करू नका. चालू गाडीत फिट आली तर ते गुंगीपेक्षाही वाईट.

ज्या ताईने प्रश्न पाठवला, तिने जीपवाल्याला बाटली घेऊन वैद्यांकडे पुन्हा पाठवावं, आणि स्वतःही सोबत जावं.