नेपाळी कामगारांचे पेन्शन: हक्क आहे, पण नोंद आहे का?

आपल्या शहरांत इमारतींच्या गेटवर, हॉटेलांच्या भटारखान्यात नेपाळमधून आलेले कामगार वर्षानुवर्षे राबतात. त्यांच्या पेन्शनचा विषय काढला की ऐकू येते, 'ते तर परदेशी, त्यांना कसले पेन्शन?' हा समज चुकीचा आहे.

भविष्य निर्वाह निधी योजनेत परदेशी कामगारांसाठी वेगळे नियम आहेत. मात्र १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे नेपाळी नागरिक या योजनेत भारतीय कामगारच मानले जातात. भूतानच्या नागरिकांनाही २००७ च्या करारामुळे तेच लागू आहे. म्हणजे २० किंवा जास्त कामगार असलेल्या सिक्युरिटी एजन्सीने, हॉटेलने किंवा कारखान्याने आपल्या पोरांचा पीएफ भरायचा, तसाच त्यांचाही. कामगार कंत्राटदाराचा असला तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही. सोसायटीने थेट ठेवलेले दोन-चार वॉचमन मात्र सहसा या कायद्याबाहेर राहतात.

मालकाच्या वाट्यातून पगाराच्या ८.३३ टक्के रक्कम पेन्शन खात्यात जाते. त्यासाठी पगार १५,००० रुपयांपर्यंतच धरला जातो. १० वर्षे सेवा झाली की ५८ व्या वर्षापासून पेन्शन. हिशोब सोपा आहे: पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. १५,००० रुपये पगार आणि १० वर्षे सेवा असेल, तर महिना सुमारे २,१४३ रुपये. रक्कम तुटपुंजी आहे, पण ती हक्काची आहे. सेवेत असताना कामगार वारला आणि एका महिन्याची जरी वर्गणी भरलेली असली, तरी विधवेला पेन्शन मिळते. गावाकडे असलेल्या किती बायकांना हे कोणी सांगितले आहे?

हक्क बुडतो तो नोंदीत. एजन्सी बदलली की नवा यूएएन काढला जातो आणि सेवा तुकड्या-तुकड्यांत विखुरते. नेपाळी नागरिकता प्रमाणपत्रावरची जन्मतारीख विक्रम संवतातली असते. ती बदलताना चूक झाली की ५८ वे वर्षच हुकते. शिवाय भारत आणि नेपाळ यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नाही. बेल्जियम, जर्मनी, जपानशी आहे, शेजाऱ्याशी नाही. त्यामुळे तिकडची सेवा इकडे जोडता येत नाही. १० वर्षांच्या आत गावी परतणाऱ्याने पेन्शनचे पैसे काढून न घेता फॉर्म १०सी भरून स्कीम सर्टिफिकेट घेतले, तर पुन्हा कामावर आल्यावर आधीची वर्षे धरली जातात.

बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून कामगारांचे प्रश्न हाती घेतले आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये ते जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले. त्यांचे अनुयायी म्हणवणाऱ्या आपण आपल्या वस्तीतल्या नेपाळी कामगाराला परका मानायचे का? विहारात एक रविवार ठरवू. पगाराची पावती, यूएएन, जन्मतारीख आणि वारसाचे नाव, एवढ्या चार गोष्टी तपासू. पीएफ कापूनही भरला जात नसेल, तर कामगाराला सोबत घेऊन भविष्य निधी कार्यालयात लेखी तक्रार देऊ.