तुटलेला कान

डोंबिवलीच्या मानपाडा रोडवर श्रावणातल्या एका संध्याकाळी माझी गाडी उजव्या अंगावर आडवी झाली. वेग सायकलचा म्हणावा इतकाच होता. ओली खडी, मधेच वळलेली रिक्षा आणि पुढच्या ब्रेकवर जरा जास्त पडलेला हात, एवढ्यानं काम झालं. मला कोपराला खरचटलं. दोन पोरांनी धावत येऊन गाडी उचलली, कडेला लावली, आणि मी पुन्हा रस्त्यात जाऊन खाली वाकलो, तुकडे वेचायला. एक बोटाएवढा, एक चिंचोक्याएवढा, एक नुसतीच कपची. दहा निळे आणि एक काळा असे अकरा तुकडे रुमालात बांधून घरी आणले. ते तिथेच सोडले असते, तर आज गाडीवर जे पॅनल आहे ते नसतं.

गाडी यामाहा आर१५, पहिल्या पिढीची, २००९ सालची, एमएच-०५ नंबरची. पंधरा वर्षं उलटल्यावर आरटीओत जाऊन नोंदणीचं नूतनीकरण करून घेतलेली. अशा गाड्या या पट्ट्यात अजून बऱ्याच आहेत. मानपाडा म्हटलं की ठाणेकराला घोडबंदर रोडवरचा आठवतो आणि डोंबिवलीकराला कल्याण-शीळ रस्त्यावरचा. एकीकडे मेट्रो ४ चं काम, दुसरीकडे मेट्रो १२ चं. अरुंद झालेली वाट, पत्र्याचं कुंपण, पावसात वाहून आलेली खडी हे दोन्हीकडे सारखंच. अशा रस्त्यावर फेअरिंगची, म्हणजे प्लास्टिकचं कवच असलेली, गाडी पडते ती बहुधा उभ्या उभ्या किंवा रांगत. इंजिनाला काही होत नाही, चालवणाराही वाचतो. मोडतं ते प्लास्टिक.

हे कवच आलं शर्यतीतून. इटलीतल्या मोटो गुझ्झीनं १९५० मध्येच मांदेल्लोच्या कारखान्यात अख्खी मोटरसायकल मावेल असा वाऱ्याचा बोगदा बांधला. पुढचं चाकही झाकणारी त्या काळची फेअरिंग आडव्या वाऱ्यात गाडी ढकलून देत, म्हणून १९५८ पासून शर्यतीत त्यांच्यावर बंदी आली. रस्त्यावरच्या गाडीला बोगद्यात घडवलेलं पूर्ण फेअरिंग देण्याचा मान बीएमडब्ल्यूच्या आर१००आरएसला, १९७६ मध्ये. आपल्याकडे मध्यमवर्गीय घरापर्यंत ही गोष्ट पोचायला २००३ ची हीरो होंडा करिझ्मा यावी लागली, तीही अर्ध्या फेअरिंगची. मग २००७ ला बजाजची पल्सर २२०, २००८ ला आर१५ आणि २००९ ला करिझ्माचीच झेडएमआर. त्या वर्षांत कॉलेजात असलेल्या पोरांना या आकारांनी काय केलं ते त्यांच्या आईवडिलांना विचारावं. आज तीच पोरं चाळिशीकडे झुकली आहेत, गाडी विकायला तयार नाहीत, आणि कंपनीच्या काउंटरवर प्रत्येक पॅनल मागितल्याबरोबर मिळत नाही.

त्याचं कारण साच्यात आहे. फेअरिंगचं पॅनल वितळलेलं प्लास्टिक पोलादी साच्यात दाबानं भरून तयार होतं. साचा महाग असतो आणि हजारो नग निघाले तरच परवडतो. मॉडेल बंद झालं की तो साचा यंत्रावर चढवण्याचं निमित्त कमी होत जातं. पल्सर २२० चे मालक या बाबतीत नशीबवान आहेत: ती गाडी २०२२ मध्ये बंद झाली, २०२३ मध्ये परत आली आणि चेहरा जवळपास तोच राहिला. पहिल्या आर१५ चं तसं नाही. २०११ च्या दुसऱ्या पिढीत सीट दुभंगली, शेपटी बदलली, आणि मागची पॅनलं एकमेकांना लागत नाहीत.

आता प्लास्टिकविषयी. गॅरेजमध्ये सगळ्यालाच ‘फायबर’ म्हणतात, आणि तिथेच पहिली चूक होते. पॅनल उलटं करून आतली बाजू पाहा. टोकदार कंसात बारीक अक्षरं उठवलेली दिसतील, एबीएस किंवा पीपी. रंग दिलेली बाहेरची पॅनलं बहुधा एबीएसची असतात, तर आतली काळी, रंग न दिलेली अंगं बहुधा पॉलिप्रॉपिलिनची, म्हणजे पीपीची. अक्षरं झिजली असतील तर कडेची एक कपची वाटीभर पाण्यात टाकायची. एबीएस बुडतं, पीपी तरंगतं. ही परीक्षा घरात दोन मिनिटांत होते, आणि पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. एबीएस ॲसिटोनमध्ये विरघळतं. पीपीवर ॲसिटोनचा काही परिणाम होत नाही, त्याला पीपीचीच कांडी वितळवून जोडावं लागतं. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की सांधा महिनाभरात सुटतो.

एबीएस तीन घटकांचं मिळून होतं आणि त्याला चिवटपणा येतो तो ब्युटाडाइन या रबरी घटकामुळे. उन्हानं तोच घटक आधी खराब होतो. म्हणून सोळा वर्षं छपराखाली न लावता उघड्यावर उभी केलेली गाडी नुसती टेकली तरी पॅनल काचेसारखं तडकतं. वाकवल्यावर उठणारी पांढरी रेघ म्हणजे तडा जायच्या आधीची सूचना.

फुटतो मात्र बहुतेक वेळा कान. पॅनल ज्या छोट्या भोकाच्या जिभेनं स्क्रूला अडकतं, तिला आमच्याकडे सगळे कानच म्हणतात. ताशी १०० किलोमीटर वेगाला हवेचा दाब चौरस मीटरला सुमारे ४७ किलो वजनाइतका होतो, आणि तो सगळा भार शेवटी या चार-पाच कानांवर येतो. कानाच्या भोकात रबरी वॉशर आणि धातूची छोटी नळी असते. ती हरवली की लोक स्क्रू जोरात आवळतात आणि कान तिथेच चिरतो. माझ्या गाडीचे दोन कान पडण्याच्या आधीच अर्धे चिरलेले होते, हे पॅनल उतरवल्यावर कळलं. म्हणून कोणीही पॅनल दुरुस्त करायला घेण्याआधी चेसिसला लावलेली लोखंडी पट्टी सरळ आहे का ते पाहावं. वाकलेल्या पट्टीवर कितीही सुंदर जोडलेलं पॅनल ताणून बसवलं, तर ते पुन्हा त्याच रेघेवर तुटतं.

जोडण्याचं काम मी शेजारच्या गॅरेजवाल्या काकांच्या हाताखाली शिकलो. तडा जिथे संपतो तिथे दोन-अडीच मिलिमीटरचं भोक पाडायचं, म्हणजे तो पुढे धावत नाही. कडा आतून तिरक्या घासायच्या. मग खऱ्या तुकड्यांची जुळणी, पुढून चिकटपट्टी लावून, फुटलेलं मडकं जुळवावं तशी. तुकडा हजर असेल तर वक्रता आपोआप मिळते. नसेल तर ती डोळ्यानं घडवावी लागते आणि तिथेच जुनं पॅनल ‘दुरुस्त केलेलं’ दिसायला लागतं. आतून गरम पिना: नागमोडी पोलादी तार तापवून प्लास्टिकच्या निम्म्या जाडीपर्यंत बुडवायची. पॅनल जेमतेम तीन मिलिमीटरचं, त्यामुळे हात एक क्षण जास्त रेंगाळला तर पुढून फोड येतो. माझ्याकडून आला. पिनांची टोकं कापून त्यावर लेप.

लेप म्हणजे त्याच जातीच्या प्लास्टिकचा चुरा ॲसिटोनमध्ये रात्रभर मुरवलेला, मधासारखा दाट. माझ्याकडे मागच्या बाजूचं एक निकामी पॅनल होतं, त्याचाच चुरा केला. जुन्या कीबोर्डचं कवचही चालतं, त्यावर एबीएस लिहिलेलं असलं की झालं. पातळ थर द्यायचे आणि प्रत्येक थर वाळू द्यायचा. घाई केली तर आत ॲसिटोन कोंडून सांधा मऊ राहतो. फेविक्विक आणि खाण्याचा सोडा ही गॅरेजची लाडकी जोडी क्षणात दगडासारखी घट्ट होते, पण तिला लवचिकपणा नाही. तुकडे जागेवर धरायला ती ठीक आहे, कानाला नको.

ॲसिटोनची वाफ उणे २० अंशालाही पेट घेऊ शकते, आणि गरम पिनांनी एबीएस वितळताना निघणारा धूर छातीत जाऊ देण्यासारखा नाही. २०१६ आणि २०२४ चे एमआयडीसीतले स्फोट कानांनी ऐकलेल्या डोंबिवलीकराला हे वेगळं पटवावं लागत नाही. तरी सांगतो: बाटली आणि तापलेली पिन एका टेबलावर नको, खिडकी उघडी हवी.

बदलणंच भाग असेल तर वाटा तीन. कंपनीचं नवं, मिळालं तर. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर उतरवलेल्या गाडीचं जुनं; तिथे पुढून चकाकी पाहण्यापेक्षा पॅनल उलटून सगळे कान मोजावेत. आणि काचतंतूंचं, म्हणजे खरोखरीचं ‘फायबर’. ते मजबूत असतं, पण भोकं जागेवर येत नाहीत आणि घासून घासून बसवावं लागतं. विम्याच्या प्रमाणित अटींत प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा कापतात, काचतंतूंच्या भागावर ३० टक्के. सोळा वर्षांच्या गाडीला शून्य घसाऱ्याची पॉलिसी सहसा मिळत नाही, म्हणजे नव्या पॅनलची निम्मी किंमत आपल्याच खिशातून जाते. मी दुरुस्तीच्या बाजूचा आहे तो पैशासाठी कमी, बसण्यासाठी जास्त. त्या गाडीबरोबर जन्मलेलं पॅनल तिच्या अंगावर जसं बसतं तसं दुसरं बसत नाही.

रंगाला मात्र मी दीड महिना थांबलो. पावसाळी दमट हवेत रंग पांढुरका पडतो. आश्विन उजाडला, ऑक्टोबरचं ऊन पडलं, तेव्हा लांबी भरली, पाणी मारत ६०० नंबरचा पॉलिश पेपर फिरवला, प्लास्टिकचा प्रायमर आणि मग निळा. दोन घटकांचा पीयू रंग फवारताना साधा रुमाल पुरत नाही, रसायनाचा मास्क लागतो. रंग तोच ठेवला, कारण रंग बदलायचा तर नोंदणी पुस्तिकेतही तो आरटीओकडून बदलून घ्यावा लागतो.

पॅनल चढवलं, पाचही कानांत नवी रबरं घातली, स्क्रू हातानंच आवळले. काटई नाक्यापर्यंत जाऊन आलो. साठच्या पुढे कित्येक वर्षं येणारी ती बारीक झणझण थांबली होती. ती इंजिनाची आहे असं मी धरून चाललो होतो.

दहा निळे तुकडे जागी बसले. अकरावा काळा, कुठेच लागेना. वाटीत पाणी घेऊन टाकला तर तरंगला. मग वाकून चाकामागे पाहिलं: आतल्या मडगार्डची कड होती ती. पीपीची कांडी आणून ठेवली आहे, पुढच्या रविवारी चाक उतरवतो.