दुसऱ्या खुर्चीचे नाव आधी कळावे

परभणी जिल्ह्यातील सुमारे सातशे ग्रामपंचायतींपैकी कोणत्याही एखादीचा निकाल लागला की गुलाल सरपंचावर पडतो. खरी चुरस मात्र त्यानंतर सुरू होते. उपसरपंच कोण, हा प्रश्न तोवर कोणी उघडपणे विचारलेला नसतो. मग काही सदस्य अचानक देवदर्शनास जातात आणि पहिल्या सभेच्या दिवशीच गावात उगवतात. एकाच पदाचे चार दावेदार असले तर पाच वर्षांचे चार तुकडे करून प्रत्येकाच्या पदरात सव्वा वर्ष टाकले जाते. हा हिशेब कोठे लिहिलेला नसतो, परंतु गावातील पोरासोरांनाही तो तोंडपाठ असतो.

वस्तुतः या अनागोंदीचे मूळ कायद्याच्या रचनेत आहे. २०१७ मध्ये राज्याने सरपंचाची निवड थेट मतदारांच्या हाती दिली, २०२० मध्ये ती काढून घेतली आणि २०२२ मध्ये पुन्हा दिली. या तिन्ही फेरबदलांत उपसरपंच मात्र सदस्यांनीच निवडावयाचा राहिला. गंगाखेड, जिंतूर, सेलू, मानवत यांसारख्या नगरपरिषदांतही तोच प्रकार: नगराध्यक्ष मतदारांचा, उपनगराध्यक्ष नगरसेवकांचा. म्हणजे पहिल्या खुर्चीचा धनी एक आणि दुसरीचा दुसराच. सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्या पॅनेलचे, असा निकाल लागला तर उपसरपंच हा सरपंचाचा उघड प्रतिस्पर्धीच ठरतो. थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षे अविश्वासाचा ठराव आणता येत नाही. तेव्हा हा संसार मोडता येत नाही आणि धड चालतही नाही. नळयोजनेचा ठराव सभेपुढे येतो, तहकूब होतो, पुन्हा येतो. उन्हाळ्यात बाया डोक्यावर घागरी घेऊन विहिरी शोधतात, त्या या तहकुबीपायी.

अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार आपला जोडीदार मतदानापूर्वी जाहीर करतो आणि मतदार एकाच मताने दोघांनाही निवडतो. ही पद्धत निर्दोष आहे असे नव्हे. १९४४ मध्ये रूझवेल्ट यांची प्रकृती ढासळलेली असताना पक्षातील मुखंडांनी विद्यमान उपाध्यक्ष वॉलेस यांना बाजूस सारून ट्रूमन यांना पुढे केले, ते मुख्यतः कोणत्याही गटास ते अप्रिय नव्हते म्हणून. उपाध्यक्षपदाची शपथ घेतल्यावर अवघ्या ब्याऐंशी दिवसांनी, १२ एप्रिल १९४५ रोजी, ते अध्यक्ष झाले आणि अणुबाँबच्या योजनेची पुरती माहिती त्यांना त्यानंतर मिळाली. १९७२ मध्ये मॅकगव्हर्न यांनी घाईघाईने ईगलटन यांची निवड केली. त्यांच्यावर पूर्वी झालेल्या मानसोपचारांची वार्ता फुटली आणि अठराव्या दिवशी त्यांना उमेदवारी सोडावी लागली. चूक झाली खरी, परंतु ती मतदानापूर्वी उघडकीस आली आणि तिची किंमत मॅकगव्हर्न यांनी मोजली. निवडणाऱ्याच्या विवेकबुद्धीची परीक्षा मतदारास घेता आली, हे त्या पद्धतीचे मोल आहे.

आपल्याकडे दुसऱ्या पदाकडे पाहण्याची दृष्टीच वेगळी. राज्यघटनेत उपमुख्यमंत्रिपदाचा उल्लेख नाही; ते राजकारणाच्या गरजेतून जन्मास आले. मार्च १९७८ मध्ये दोन काँग्रेस पक्षांनी एकत्र येऊन सरकार बनविले, तेव्हा रेड्डी काँग्रेसचे वसंतदादा पाटील मुख्यमंत्री आणि इंदिरा काँग्रेसचे नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले. वसंतदादांनी तिरपुड्यांना निवडले नव्हते. ते त्यांच्या वाट्यास आले होते. ते सरकार जुलैत कोसळले. पाठोपाठ आलेल्या शरद पवारांच्या मंत्रिमंडळात उपमुख्यमंत्री झाले ते आपल्या शेजारच्या माजलगावचे सुंदरराव सोळंके. मराठवाड्यास मान मिळाला, याचा आनंद इकडे झाला असणारच. परंतु 'मान' हा शब्दच बोलका आहे. दुसरी खुर्ची आपण कामासाठी देत नाही, मानासाठी देतो. मुंबईत प्रदेशाचा मान, पाथरी-पालमच्या खेड्यात भावकीचा, वाडीचा, तांड्याचा.

समतोल वाईट आहे, असे कोण म्हणेल? ज्या वस्तीतून आजवर कोणी चावडीवर बसले नाही, तेथील माणूस उपसरपंच होणे इष्टच आहे. पण मराठवाड्यातला शेतकरी बाजारात बैलाचा जोड लावताना रंग शेवटी पाहतो. आधी पाहतो उंची, चाल आणि खांद. एक बैल पुढे ओढणारा व दुसरा मागे रेटणारा निघाला तर तास सरळ येत नाही. (काँग्रेसची निशाणी १९६९ पर्यंत बैलजोडीच होती, तिच्या वारसांनी जोडाचे हे शास्त्र इतके विसरावे, याची गंमत वाटते.) सरपंच नसताना सभा चालविणे, त्याने सोपविलेली कामे करणे आणि पद रिकामे झाल्यास कारभार सांभाळणे, ही उपसरपंचाची कामे आहेत. मानपानाच्या वाटणीत सव्वा वर्षासाठी आलेला माणूस ती शिकणार केव्हा?

याहून गंभीर गोष्ट स्त्री-सरपंचाची. सरपंचपदांपैकी एकतृतीयांश पदे त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने स्त्रियांना मिळाली आणि २०११ मध्ये महाराष्ट्राने ते प्रमाण निम्म्यावर नेले. आरक्षणामुळे ज्याची खुर्ची गेली, तो पुढारी पुष्कळदा उपसरपंच म्हणून मागल्या दाराने परत येतो. धनादेशावर सही तिची आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याची, म्हणजे कालपर्यंतच्या ग्रामसेवकाची. पण ती सही कशावर व्हावयाची, हे तिसराच ठरवितो. नवऱ्याच्या लुडबुडीवर आपण भरपूर बोललो. या तिसऱ्याविषयी कोणी बोलत नाही, कारण तो रीतसर निवडून आलेला असतो.

यावर कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. सरपंचपदाच्या उमेदवाराने आपल्या पत्रकावर उपसरपंचपदासाठी आपण कोणाच्या पाठीशी उभे राहणार, ते नाव छापावे आणि ही व्यक्तीच का, तेही दोन ओळींत सांगावे. असे केल्याने उरलेले दावेदार रुसतील व पॅनेल फुटेल, असा आक्षेप येईल. फुटावयाचे ते निकालानंतरही फुटतेच. निदान आधी फुटले तर मतदारास दिसेल. अशी घोषणा सदस्यांवर बंधनकारक नाही, हेही खरे. परंतु छापलेले नाव बदलले, तर त्याचा जाब ग्रामसभेत विचारता येतो. देवदर्शनाच्या गाडीत ठरलेल्या नावाचा जाब कोणाला विचारणार? आणि सरपंचपद स्त्रीसाठी राखीव असेल तेथे ते नाव तिने स्वतः निवडलेले असावे, तिच्या हातात ऐन वेळी चिठ्ठी देऊन वाचून घेतलेले नसावे. प्रचाराच्या पहिल्या सभेतच एखाद्या मतदाराने उठून तिला विचारावे, "बाई, तुमच्या गैरहजेरीत सभा कोण चालवणार?" आणि उत्तर देताना तिने व्यासपीठावरील कोणाच्याही तोंडाकडे पाहू नये.