फोरमवरून बॅकलिंक : ५०० लिंक विकत घेण्यापेक्षा १० उत्तरं लिहा



मागच्या महिन्यात पांढरकवड्याकडून एका भाऊंचा फोन आला. टिपेश्वर अभयारण्याजवळ त्यांचा छोटा होमस्टे आहे. तीन खोल्या, घरचं जेवण. वेबसाइट मुलाने बनवून दिली. मग एका एजन्सीचा फोन आला, "सर, ५०० बॅकलिंक देतो, गूगलवर पहिल्या पानावर याल." भाऊंनी चार हजार रुपये भरले. तीन महिने गेले. "पैशे देऊन बसलो ना सर मी, बुकिंगचा फोन तर एकबी नाही आला!"

मी त्यांना गूगल सर्च कन्सोल उघडायला लावलं आणि 'लिंक्स'चा अहवाल पाहिला. लिंक होत्या, खोट्या नव्हत्या. पण कुठून? परदेशी जुगाराच्या, औषधांच्या, कुणीच वाचत नाही अशा बंद पडलेल्या फोरमवरून. तिथल्या एकाही माणसाला टिपेश्वर कुठे आहे हे माहीत नाही, आणि त्याला तिथे यायचंही नाही.

अशी वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून आजचा विषय : चर्चेच्या फोरमवरून बॅकलिंक मिळवायची कशी, आणि तिच्याकडून अपेक्षा किती ठेवायची.

बॅकलिंक म्हणजे काय?

दुसऱ्याच्या वेबसाइटवरून तुमच्या वेबसाइटकडे येणारी लिंक म्हणजे बॅकलिंक. आपल्याकडे नवीन दुकान उघडलं की लोक विचारतात, "कोणी सांगितलं त्यांच्याबद्दल?" चार जाणत्या माणसांनी नाव घेतलं की विश्वास बसतो. गूगलची सुरुवातच या विचारावर झाली. १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पेजरँकची पद्धत मांडली : एखाद्या पानाकडे कोण बोट दाखवतंय आणि बोट दाखवणारा स्वतः किती महत्त्वाचा आहे, यावरून त्या पानाचं वजन ठरवायचं.

हे कळल्यावर लोकांनी काय केलं असेल? बरोबर. फोरमवर खाती उघडली आणि प्रत्येक पोस्टखाली सहीसारखी आपली लिंक चिकटवली. मीसुद्धा केलंय हे, लपवत नाही. "छान माहिती, धन्यवाद" एवढं लिहायचं आणि खाली लिंक. काही महिने साइट वर आली. मग २४ एप्रिल २०१२ ला गूगलने पेंग्विन नावाचा बदल आणला, तो नेमका अशा बनावट लिंकवर होता. माझी साइट अशी खाली गेली की शोधूनही सापडेना.

आज फोरमच्या लिंकला किती वजन आहे?

खरं सांगायचं तर थेट वजन फार कमी. जानेवारी २००५ मध्ये 'नोफॉलो' नावाची खूण आली. साइटचा मालक लिंकवर ही खूण लावतो, म्हणजे तो गूगलला सांगतो, "ही लिंक माझ्या पानावर आहे, पण माझी शिफारस नाही." सप्टेंबर २०१९ मध्ये गूगलने 'यूजीसी' ही वेगळी खूण आणली, खास वाचकांनी स्वतः लिहिलेल्या मजकुरातल्या लिंकसाठी. बहुतेक मोठ्या फोरमवर या दोन्हींपैकी एक खूण आपोआप लागते. गूगल आता या खुणांकडे पक्का नियम म्हणून नाही, तर इशारा म्हणून बघतं. पण 'फोरमवर ५०० लिंक टाकल्या म्हणून पहिला नंबर' हे गणित संपलेलं आहे.

मग फोरमवर जायचं कशाला? तीन कारणांसाठी.

पहिलं, तिथे गिऱ्हाईक आधीच प्रश्न घेऊन बसलेलं असतं. "नागपूरहून टिपेश्वरला कसं जायचं?" हे विचारणारा माणूस गाडी काढायच्या तयारीत आहे.

दुसरं, चांगलं उत्तर वर्षानुवर्षं राहतं. लोक गूगलवर शोधतात तेव्हा फोरमची पानं समोर येतात, त्यातलं तुमचं उत्तर वाचतात आणि मग तुमच्या साइटवर येतात.

तिसरं कारण सगळ्यात मोठं. प्रवासावर लिहिणारे, व्हिडिओ करणारे, पत्रकार माहिती शोधत तिथे येतात. त्यांना तुमचं पान उपयोगी वाटलं तर ते आपल्या लेखात तुमची लिंक देतात. वजनाची बॅकलिंक ती. २०१९ मध्ये टिपेश्वरमधला एक तरुण वाघ चालत निघाला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत पोहोचला. 'वॉकर' नावाने त्याच्या बातम्या जगभर छापून आल्या. टिपेश्वर कुठे आहे, तिथे काय आहे, हे तेव्हा किती जणांनी शोधलं असेल! अशा वेळी स्थानिक माणसाने लिहिलेलं एक नीट पान हाताशी असेल, तर लिंक मागायला जावं लागत नाही.

करायचं कसं? पाच पायऱ्या

१. आधी पान तयार करा. नुसत्या होमपेजकडे लिंक देऊ नका. प्रश्नाचं उत्तर देणारं पान हवं. आपल्या भाऊंसाठी : सुन्ना, माथनी अशी वेगवेगळी गेट, प्रत्येक गेटपासूनचं अंतर, सफारी कोणत्या महिन्यांत बंद असते, लहान मुलं असतील तर काय काळजी घ्यायची. ही माहिती पुण्या-मुंबईचा लेखक फोनवर विचारून लिहील. तुम्हाला ती रोजची आहे.

२. दोन-तीनच फोरम निवडा. तुमचं गिऱ्हाईक कुठे बोलतं ते बघा. मराठी वाचकांसाठी मायबोली १९९६ पासून आणि मिसळपाव २००७ पासून आहे. भटकंतीवर दोन्हीकडे भरपूर लिहिलं जातं. क्वोरा मराठीतही आहे. गाडीने फिरणारे लोक टीम-बीएचपीवर इंग्रजीत प्रवासवर्णनं लिहितात. ट्रिपॲडव्हायझरवरही चर्चा चालतात, पण तिथे मालकाने स्वतःची जाहिरात केलेली चालत नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणचे नियम आधी वाचा.

३. पहिला महिना लिंक नाही. नुसती उत्तरं द्या. कोणाच्या लग्नात जाऊन पहिल्या पंगतीत आपलं व्हिजिटिंग कार्ड वाटतो का आपण? आधी ओळख होऊ द्या. नवीन खात्यावरून पहिल्याच दिवशी लिंक टाकली तर पोस्ट उडते, कधी खातंही बंद होतं.

४. लिंक काढली तरी उत्तर पुरं वाटलं पाहिजे. ही माझी कसोटी. समजा प्रश्न आहे : "नागपूरहून टिपेश्वर एका दिवसात होईल का?"

चुकीचं उत्तर : "खूप छान ठिकाण! आमच्या होमस्टेला नक्की भेट द्या." आणि खाली लिंक.

बरोबर उत्तर : "दुपारची सफारी घेतली तर होईल. नागपूर-हैदराबाद महामार्गाने पांढरकवड्यापर्यंत सरळ या. सकाळची सफारी हवी असेल तर आदल्या रात्री मुक्काम केलेला बरा, नाहीतर मध्यरात्रीच निघावं लागतं. वनविभागाचं ऑनलाइन बुकिंग आधी करा, शनिवार-रविवारी ऐन वेळी जागा मिळेलच असं नाही. पावसाळ्यात सफारी बंद असते. माझा इथे होमस्टे आहे, म्हणून हे रोज बघतो. गेटनिहाय माहिती इथे लिहून ठेवली आहे."

या उत्तरात 'माझा इथे होमस्टे आहे' हे वाक्य आहे बघा. ते लपवू नका. वेगळ्या नावाने खातं उघडून स्वतःचंच कौतुक करणारे पकडले जातात, आणि एकदा पकडले गेले की आपल्या भागात नाव खराब व्हायला वेळ लागत नाही.

५. मोजा. महिन्यातून एकदा गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये बघा, कोणत्या फोरमवरून किती लोक आले. आणि फोन करणाऱ्या प्रत्येकाला विचारा, "आमच्याबद्दल कुठे वाचलंत?" उत्तर वहीत लिहा. ही वही कोणत्याही अहवालापेक्षा जास्त शिकवते.

होमस्टे हे एक उदाहरण झालं. उमरखेड-महागावकडे कोणी हळदीची पावडर विकत असेल, तर "पावडरीतली भेसळ घरी कशी ओळखायची?" या प्रश्नाचं उत्तर त्याच्याइतकं चांगलं कोण देणार? यवतमाळात कोणाचं ठिबकचं दुकान असेल, तर "कपाशीला नळ्या किती अंतरावर टाकू?" हा प्रश्न त्याची वाटच बघतोय.

आधीच लिंक विकत घेतल्या असतील तर?

घाबरू नका. अशा बऱ्याचशा लिंककडे गूगल दुर्लक्षच करतं. सर्च कन्सोलमध्ये 'मॅन्युअल अ‍ॅक्शन्स' हा भाग उघडा. तिथे काही अडचण दाखवत नसेल तर बहुतेक वेळा वेगळं काही करावं लागत नाही. लिंक नाकारण्याचं 'डिसअव्हाव' हे साधन आहे, पण ते उगाच वापरू नका. चुकून चांगल्या लिंकही नाकारल्या जातात. आणि "तुमच्या खराब लिंक साफ करून देतो, दोन हजार द्या" असा पुढचा फोन येईल, तो ठेवून द्या.

पांढरकवड्याच्या भाऊंचे चार हजार परत आले नाहीत. येणारही नाहीत. पण त्यांनी गेटनिहाय माहितीचं पान बनवलं आणि रोज रात्री जेवण झाल्यावर एक उत्तर लिहायला घेतलं. मोबाइलवर, मराठीत, स्वतःच्या शब्दांत. परवा त्यांचा मेसेज आला. पुण्याच्या एका कुटुंबाने उत्तर वाचून फोन केला होता : दोन खोल्या, दोन रात्री.

आता तुमचं काम. आज कागद घ्या आणि गिऱ्हाईक तुम्हाला दुकानात, फोनवर वारंवार विचारतं असे दहा प्रश्न लिहा. त्यातला एक निवडा, त्यावर एक पान बनवा. उरलेले नऊ पुढच्या नऊ आठवड्यांसाठी. भेटू पुढच्या व्हिडिओत!