अठरा मे : निशापूर, पाथरी आणि परभणीची भेंडी

लेखमाला : तारखांमागचे विज्ञान

शाळेच्या व्हरांड्यातल्या फळ्यावर रोज दिनविशेष लिहिला जातो. त्या फळ्यावर अठरा मे मात्र कधीच येत नाही, कारण तेव्हा शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते. परभणीत तर पारा चाळिशी ओलांडून गेलेला असतो आणि दुपारी बाराच्या पुढे रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. मागच्या भागात पोखरणच्या १९९८ च्या चाचण्यांमुळे ‘राष्ट्रीय तंत्रज्ञान दिन’ ठरलेली ११ मे ही तारीख आपण पाहिली. तिच्यानंतर बरोबर आठवड्याने येणारी ही तारीख गणित आणि विज्ञानाच्या बाबतीत तिच्याहून श्रीमंत आहे, आणि तिचा एक धागा थेट परभणी जिल्ह्यात येऊन पोहोचतो.

सुरुवात सर्वांत जुन्या नोंदीपासून. १८ मे १०४८ रोजी इराणातल्या निशापूरला उमर खय्यामचा जन्म झाला. माधव जूलियनांच्या अनुवादांमुळे मराठी वाचकाला खय्याम परिचयाचा आहे, पण कवी म्हणून. खरे तर तो त्या काळातला अव्वल दर्जाचा गणिती होता. घनसमीकरणांचे प्रकार त्याने एकेक करून वेगळे काढले, आणि ज्यांची उकल साध्या रीतीने होत नाही ती शंकुच्छेदांच्या, म्हणजे वर्तुळ, अन्वस्त, अपास्त यांच्या छेदनबिंदूंवरून कशी काढायची ते दाखवले. सुलतान मलिकशाहने कालगणना सुधारण्यासाठी ज्या खगोलज्ञांना कामाला लावले त्यांत तो होता. त्यातून १०७९ साली जलाली पंचांग सुरू झाले.

पण अकराव्या शतकातल्या माणसाचा जन्मदिवस इतका नेमका कळला कसा? त्या काळच्या कुठल्याही दप्तरात तो नोंदलेला नाही. जी नोंद आहे ती बैहकी नावाच्या चरित्रकाराची. तो लहानपणी खय्यामला प्रत्यक्ष भेटला होता. त्याने जन्मतारीख दिली नाही, कुंडली दिली: लग्नी मिथुन रास, सूर्य आणि बुध दोघेही मिथुनेच्या तिसऱ्या अंशात लग्नावर, बुध सूर्याला अगदी चिकटून, आणि गुरूची दोघांवर त्रिकोणातून दृष्टी. या वर्णनावरून उलटा हिशेब करून तारीख काढली ती हैदराबादच्या स्वामी गोविंदतीर्थांनी. त्यांचा ‘द नेक्टर ऑफ ग्रेस’ हा खय्यामवरचा ग्रंथ १९४१ साली प्रसिद्ध झाला. परभणी तेव्हा त्याच हैदराबाद संस्थानाचा एक जिल्हा होता. पुढे सोव्हिएत संशोधकांनीही हा हिशेब तपासला आणि तो बरोबर निघाला.

या हिशेबाची रीत समजून घेण्यासारखी आहे, कारण फलज्योतिषावर काडीचा विश्वास नसलेल्या माणसालाही ती पटते. सूर्य मिथुनेच्या तिसऱ्या अंशात म्हणजे वसंतसंपातापासून बासष्ट-त्रेसष्ट अंश पुढे. म्हणून वर्षातला दिवस जवळजवळ पक्का झाला. सूर्य लग्नावर म्हणजे पूर्व क्षितिजावर, वेळ सूर्योदयाची. राहिले वर्ष. गुरू एका राशीत साधारण वर्षभर असतो आणि बारा राशी फिरायला त्याला बारा वर्षे लागतात. मिथुनेपासून त्रिकोणात येणाऱ्या राशी दोनच, तूळ आणि कुंभ. त्यामुळे दर बारा वर्षांतली जेमतेम दोन उरतात. त्यातही बुध नेमका त्याच सकाळी सूर्याशी युतीत हवा. बुध वर्षातून साधारण सहा वेळा सूर्याशी युती करतो, म्हणजे ठरावीक दिवशीच ती घडणे दुर्मीळ. खय्यामच्या आयुष्याशी जुळणाऱ्या वर्षांना अशा तीन चाळण्या लावल्या की एकच तारीख शिल्लक राहते.

ती तारीख अर्थात जुन्या ज्युलियन गणनेतली आहे. १५८२ साली युरोपात ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर उजाडला आणि आजची ग्रेगोरियन गणना सुरू झाली. तीच मागे नेली तर खय्यामचा जन्म २४ मे रोजी पडतो. तरीही जग त्याचा जन्मदिवस १८ मे रोजीच मानते, आणि इतिहासाच्या प्रथेला धरून ते योग्यच आहे.

आकाश पाहून दिवस काढायचा, किंवा दिवसावरून आकाश काढायचे, ही विद्या परभणी जिल्ह्याला परकी नाही. गोदावरीच्या उत्तर तीराजवळ असलेली पाथरी म्हणजे जुन्या ग्रंथांतले पार्थपूर. इथल्या ज्ञानराजाने शके १४२५ च्या, म्हणजे १५०३ च्या सुमारास ‘सिद्धान्तसुंदर’ हा ज्योतिषग्रंथ रचला. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’नंतर साडेतीनशे वर्षांनी त्या परंपरेत नव्याने उभा राहिलेला हा मोठा सिद्धान्तग्रंथ. ज्ञानराजाचा मुलगा सूर्यदास, म्हणजेच सूर्यपंडित, याने भास्कराचार्यांच्या बीजगणितावर १५३८ साली ‘सूर्यप्रकाश’ आणि लीलावतीवर १५४१ साली ‘गणितामृतकूपिका’ अशा टीका लिहिल्या. याच सूर्यपंडिताने ‘रामकृष्णविलोमकाव्य’ रचले. त्याचा श्लोक डावीकडून उजवीकडे वाचला तर रामकथा आणि उजवीकडून डावीकडे वाचला तर कृष्णकथा. गणिती मेंदूलाच असे काही सुचावे.

या सिद्धान्तग्रंथांची गणिती रीत अहर्गणावर चालते. एका ठरलेल्या आरंभापासून आजपर्यंत उलटलेल्या दिवसांची एकूण संख्या म्हणजे अहर्गण. ग्रह एका युगात किती फेऱ्या करतो आणि त्या युगात दिवस किती, हे दिलेले असते. मग अहर्गणाला फेऱ्यांनी गुणून युगाच्या दिवसांनी भागले की ग्रहाची मध्यम स्थिती हाती येते. पुढे सुधारणा करून खरी स्थिती काढतात. स्वामी गोविंदतीर्थांनी विसाव्या शतकात केलेली उलट तपासणी पार्थपूरच्या दैवज्ञाला बसल्या जागी समजली असती. आज पाथरीत या बापलेकांचे नाव किती मुलांना ठाऊक असेल, हा प्रश्न मनाला लागतो. जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत ती नावे भिंतीवर असायला हवीत.

आता मधल्या दोन नोंदी. १८ मे १८५० ला लंडनमध्ये ऑलिव्हर हेविसाइड जन्मला. तार कंपनीत काम केलेला हा माणूस स्वतःच्या बळावर शिकला आणि मॅक्सवेलच्या वीस समीकरणांचा पसारा आज पदवीच्या वर्गात शिकवतात त्या चार समीकरणांत आणला. वातावरणात उंचावर रेडिओलहरी परतवणारा विद्युत्‌भारित थर असावा, असे त्याने १९०२ साली सुचवले. आकाशवाणीच्या मध्यम लहरींवर रात्री दूरदूरची केंद्रे लागतात ती याच परावर्तनामुळे. त्याच्यानंतर बरोबर बावीस वर्षांनी, १८ मे १८७२ ला बर्ट्रांड रसेल जन्मला. व्हाइटहेडबरोबर लिहिलेल्या ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’त एक अधिक एक बरोबर दोन या विधानापर्यंत यायला पहिल्या आवृत्तीचे ३७९ वे पान उजाडते. गणिताचा पाया तर्कावर उभा करायचा तर किती खोल खणावे लागते, याचे याहून बोलके उदाहरण नाही.

मग १९१०. हॅलेचा धूमकेतू सूर्याला वळसा घालून परतत होता आणि १८ मे रोजी पृथ्वी त्याच्या शेपटीतून जाणार, असे गणित सांगत होते. धूमकेतूच्या वर्णपटात सायनोजेन हा विषारी वायू सापडल्याची बातमी आधीच पसरली होती. युरोप-अमेरिकेत लोक घाबरले, दाराच्या फटी बुजवू लागले, धूमकेतूवरच्या गोळ्यासुद्धा खपल्या. त्याच वेळी धूमकेतूचे डोके सूर्यबिंबासमोरून जाणार होते. ते टिपण्यासाठी माउंट विल्सन वेधशाळेचे एलरमन हवाईला जाऊन बसले होते. त्यांना सूर्यावर ठिपकासुद्धा दिसला नाही, आणि त्यातून धूमकेतूचा घन गाभा किती लहान असतो हे स्पष्ट झाले. हवाईत तेव्हा १८ मेची दुपार होती, भारतात १९ मेची सकाळ उजाडली होती. धूमकेतूची शेपटी इतकी विरळ असते की पृथ्वीवर कुणाला काहीच झाले नाही. पुढची फेरी २०६१ साली आहे.

१८ मे १९७४ ची नोंद सर्वांना पाठ असते. सकाळी ८ वाजून ५ मिनिटांनी पोखरणला भारताने पहिली अणुचाचणी घेतली. तिच्याबरोबर एक वाक्य हमखास येते, की त्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. हे खरे नाही, आणि ते तपासायला घरातले पंचांग पुरते. एकोणीस सौर वर्षांत जवळजवळ नेमके २३५ चांद्रमास बसतात, म्हणून दर एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा जुळतात. १९७४ मध्ये एकोणीस मिळवले की १९९३, आणखी एकोणीस मिळवले की २०१२. या दोन्ही वर्षी बुद्धपौर्णिमा ६ मे रोजी होती. १९७४ सालीही ती ६ मे रोजीच झाली. चाचणीच्या दिवशी कृष्णपक्ष उतरणीला लागला होता, अमावास्या तीन-चार दिवसांवर होती. चाचणीच्या ‘स्मायलिंग बुद्ध’ या सांकेतिक नावामुळे पौर्णिमा चिकटली आणि पुस्तकापुस्तकातून उतरत गेली. दिनविशेष लिहिणाऱ्याने निदान इतकी पडताळणी करावी.

परभणीसाठी मात्र या तारखेचे खरे वर्ष १९७२. रसेलच्या जन्माला बरोबर शंभर वर्षे झाली त्या दिवशी, १८ मे १९७२ ला, मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याच दिवशी दापोलीला कोकण कृषी विद्यापीठही सुरू झाले. एकीकडे धो धो पावसाचा जांभा, दुसरीकडे पावसाच्या भरवशावरची काळी माती. दोघांचे प्रश्न वेगळे, म्हणून विद्यापीठेही वेगळी. परभणीत पाया आधीच होता. निजामाच्या राजवटीत १९१८ साली इथे मुख्य प्रायोगिक प्रक्षेत्र सुरू झाले होते आणि १९५६ साली कृषी महाविद्यालय. विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढच्या काही आठवड्यांतच पावसाने दगा दिला. बहात्तरचा दुष्काळ. खडी फोडायची कामे, सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाऊन काढलेले दिवस मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतात. कोरडवाहू शेतीच्या विद्यापीठाला इतकी कठोर पहिली परीक्षा क्वचितच द्यावी लागली असेल.

या विद्यापीठाने काय दिले, हे पाहायचे तर एक भेंडी पुरे. भेंडीवर केवडा पडतो, काही भागात त्याला हळद्या म्हणतात. पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, मग पान पिवळे होते, फळे लहान आणि फिकी राहतात आणि बाजारात कुणी हात लावत नाही. हा विषाणूचा रोग, पांढरी माशी तो झाडाझाडावर नेते. दिल्लीच्या संस्थेची ‘पुसा सावनी’ ही जात आधी या रोगाला दाद देत नव्हती, पण तिची ताकद ओसरली. परभणीच्या ना. द. जांभळे आणि य. श्री. नेरकर यांनी भेंडीची रानटी भावकी धुंडाळली. रानभेंडीच्या एका जातीत रोगाला तोंड देण्याची शक्ती होती. तिचा ‘पुसा सावनी’शी संकर केला. दोन वेगळ्या जाती असल्यामुळे संकरित झाडांना बी नीट धरत नव्हते. मग ती झाडे पुन्हा ‘पुसा सावनी’शी जुळवायची, आलेल्या पिढीतली फक्त निरोगी झाडे ठेवायची, पुन्हा जुळवायचे.

इथे मेंडेलचे गणित कामी आले. १९८१ साली या दोघांनी प्रसिद्ध केले की अशा संकरांत ही प्रतिकारशक्ती एका प्रभावी जनुकावर अवलंबून दिसते. जनुक प्रभावी असेल तर ज्या झाडात ते आहे त्याच्यावर केवडा दिसत नाही. म्हणजे निवड शेतात उभे राहून, नुसत्या डोळ्यांनी करता येते. पिढ्यान्‌पिढ्या अशी निवड झाल्यावर रानटी झाडाचे काटेरीपण गेले, प्रतिकार उरला आणि भेंडी खाण्याजोगी राहिली. तिचे नाव ‘परभणी क्रांती’. १९८६ साली तिची माहिती ‘हॉर्टसायन्स’ या अमेरिकी नियतकालिकात आली आणि ती महाराष्ट्राबाहेरही गेली. विषाणूही बदलत राहतो, त्यामुळे आज अनेक ठिकाणी हिच्यावरही केवडा दिसतो. तरी रानभेंडीकडे जाण्याची वाट हिने दाखवली.

१ जुलै २०१३ ला विद्यापीठाच्या नावात वसंतराव नाईकांचे नाव जोडले गेले. त्यांच्या जन्मशताब्दीचा तो दिवस. वर्धापनदिन मात्र १८ मेच राहिला. दरवर्षी त्या दिवशी परभणीच्या आवारात खरीप पीक शेतकरी मेळावा भरतो. सोयाबीनचे ‘एमएयूएस-७१’, तुरीचे ‘बीडीएन-७११’ असे विद्यापीठाचे बियाणे घ्यायला जिंतूर, सेलू, गंगाखेड, पूर्णा, पाथरीकडून माणसे रणरणत्या उन्हात येतात. मृगाला तेव्हा जेमतेम तीन आठवडे राहिलेले असतात आणि बियाण्याची पिशवी घरी पोहोचली की पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून त्यांची उगवण तपासावी, असे तिथले तज्ज्ञ प्रत्येकाला बजावतात. शंभरातले सत्तर उगवले तर बियाणे पेरण्याजोगे; त्याहून कमी उगवले तर एकरी बियाणे वाढवायचे, किती ते त्रैराशिकाने काढायचे.