‘निर्भीक’ कोणासाठीं ?

कानपूरच्या सरकारी शस्त्र-कारखान्यानें जानेवारी २०१४ मध्यें ‘निर्भीक’ नांवाचें आखूड नळीचें रिव्हॉल्व्हर मुख्यतः स्त्रियांकरितां म्हणून विक्रीस काढलें, तेव्हां शस्त्रांच्या शौकिनांत मोठी चर्चा झाली. .३२ बोअर, वजन अवघें ५०० ग्रॅम व पिशवींत सहज मावेल असा घाट, हे त्याचे गुण सांगितले गेले. साध्या यंत्ररचनेमुळें व हलक्या सांगाड्यामुळें जाणकारांस त्यांत वेब्ली अँड स्कॉट आणि स्मिथ अँड वेसन यांचा मिलाफ दिसला. १,२२,३६० रुपये ही किंमत मात्र अनेकांस भारी वाटली.

परंतु नळी, वजन व किंमत यांपाशींच ही परीक्षा संपत नाहीं. दिल्लींत १६ डिसेंबर २०१२ रोजीं अत्याचारास बळी पडलेल्या तरुणीस लोकांनीं ‘निर्भया’ म्हटलें. त्याच नांवाचा प्रतिध्वनि या शस्त्राच्या नांवांत आहे. १९५९ च्या शस्त्र-कायद्याप्रमाणें परवान्यावांचून तें बाळगतां येत नाहीं, व आत्मरक्षणार्थ परवाना मागणारास सबळ कारण दाखवावें लागतें. रात्रीं कामावरून पायीं परतणाऱ्या मजूर स्त्रीपाशीं ना एवढा पैसा, ना परवाना.

१८७८ च्या कायद्यानें परक्या सरकारनें प्रजेस निःशस्त्र केलें, हा अन्यायच होता. कायदेशीर आत्मरक्षणास आमचा मुळींच विरोध नाहीं. पण रस्त्यावर दिवा, चौकींत तत्पर पोलीस व न्यायालयांत त्वरित निकाल, हीं सरकारचीं कर्तव्यें आहेत. लाख रुपये घेऊन तीं स्त्रीच्या पिशवींत घालून देतां येत नाहींत.