विळा पावसाळ्यात का गंजतो?

भाताची कापणी आणि झोडणी उरकली की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर कापणीचा विळा कुडात नाहीतर आढ्याला खोचून ठेवतात. तो पुन्हा निघतो पुढच्या दिवाळीच्या सुमारास. मधल्या काळात चार महिन्यांचा पावसाळा येऊन जातो, तोही वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाणी ओतणारा. विळा खाली काढावा, तर एका घरातला तांबडा होऊन त्याचे पापुद्रे सुटलेले असतात आणि दुसऱ्या घरातला काळपट, पण शाबूत असतो. पाऊस तर दोन्ही घरांवर सारखाच पडला. मग फरक कशाने पडला?

लोखंड, प्राणवायू आणि पाणी एकत्र आले की गंज चढतो, हे आपण वर्गात शिकवतो. ते बरोबरच आहे. पण गंज नेमका कसा रोखायचा हे कळण्यासाठी पाण्याच्या एका थेंबात काय घडते, ते पाहायला हवे.

थेंबाच्या पोटात

थेंबाच्या कडेला हवेतला प्राणवायू सहज पोहोचतो, मध्यभागी मात्र तो कमी पडतो. त्यामुळे लोखंडाच्या एकाच पृष्ठभागावर जणू एक छोटा विद्युत्घट तयार होतो. मध्यभागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात. हे इलेक्ट्रॉन धातूतून कडेपर्यंत जातात आणि तिथे प्राणवायू व पाणी यांच्याशी त्यांची क्रिया होऊन हायड्रॉक्साइड बनते. दोन्हीकडचे घटक पाण्यात भेटतात आणि तिथे गंज साचतो. म्हणजे गंज दिसतो एका जागी आणि लोखंड झिजते दुसऱ्या जागी. तांबड्या डागाखाली खड्डा सापडतो, तो यामुळेच. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि सच्छिद्रही असतो. त्यामुळे त्याचे पापुद्रे सुटतात आणि खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते.

थेंब डोळ्यांना दिसलाच पाहिजे असेही नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ६०-७० टक्क्यांच्या वर गेली की लोखंडावर पाण्याचा अदृश्य थर बसतो आणि गंजण्याचा वेग एकदम वाढतो. जुलैत इथली हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणून चुलीच्या वर खोचलेला विळा टिकतो. ऊब मिळाल्याने त्याच्या भोवतालची सापेक्ष आर्द्रता कमी राहते.

पाण्यात मीठ असेल तर ते वीज अधिक चांगली वाहून नेते आणि हा घट जोरात चालतो. घाट उतरून डहाणू किंवा सातपाटीच्या बंदरात गेलो, की होडीच्या इंजिनावर आणि खिळ्यांवर हा फरक लगेच दिसतो. म्हणूनच होडीवाल्यांना गंजरोधक फवाऱ्यांचे आकर्षण जास्त असते.

फवाऱ्यात काय असते?

अशा फवाऱ्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे 'डब्ल्यूडी-४०'. अमेरिकेतील सॅन दिएगो येथे १९५३ साली तो तयार झाला. 'डब्ल्यूडी' ही अक्षरे 'पाणी हटवणे' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आहेत आणि ४० हा आकडा चाळिसाव्या प्रयत्नाचा. अ‍ॅटलास क्षेपणास्त्राचे पातळ पोलादी कवच गंजू नये म्हणून तो आधी वापरला गेला.

नावातच त्याचे मुख्य काम सांगितले आहे. अशा फवाऱ्यात मोठा भाग उडून जाणाऱ्या पातळ विद्रावकाचा असतो आणि तेल थोडे असते. विद्रावकाचा पृष्ठताण पाण्यापेक्षा बराच कमी असतो. म्हणून तो धातूवर झटकन पसरतो, बारीक फटीत शिरतो आणि पाण्याला बाजूला सारतो. नंतर तो उडून जातो आणि मागे तेलाचा अगदी पातळ थर उरतो. भिजलेले कुलूप किंवा अडकलेला नट सोडवायला हे उत्तम. पण तो पातळ थर सबंध पावसाळाभर टिकत नाही. थोडक्यात, असा फवारा म्हणजे अंग पुसायचा पंचा. पावसात पांघरायचे इरले नव्हे. होडीच्या उघड्या भागांवर तो पुन्हा पुन्हा मारावा लागतो, नाहीतर त्यावर ग्रीस किंवा मेणासारखा जाड लेप द्यावा लागतो. शिवाय यातली बहुतेक द्रव्ये ज्वालाग्राही असतात. चुलीजवळ फवारा मारू नये.

घरातले तेल

आता इरल्याचा विचार करू. जव्हार-मोखाड्याच्या वरकस जमिनीत खुरासणी पिकते. तिच्या तेलात लिनोलिइक आम्लाचा वाटा मोठा असतो. या आम्लाचे रेणू हवेतल्या प्राणवायूशी क्रिया करून एकमेकांना जोडले जातात आणि तेल हळूहळू घट्ट, चिवट होते. जवसाच्या तेलाचा हा गुण रंगारी फार पूर्वीपासून वापरत आले आहेत. खोबरेल असे सुकत नाही, ते पुसले जाते. भाकरीच्या तव्यावरचा काळा थर याच जातीचा आहे, फक्त तो उष्णतेने लवकर बनतो.

म्हणून विळा ठेवण्यापूर्वी तो घासून कोरडा करावा, उन्हात तापवावा आणि मग खुरासणीच्या तेलाचा पातळ हात फिरवावा. जाड थर दिला तर तो नुसता चिकट राहतो. कुलपात किंवा बिजागरीत मात्र हे तेल घालू नये. तिथे त्याचा चिकटा होऊन भाग अडकतात.

तिसरा उपाय जस्ताचा. पत्र्यावर किंवा पाण्याच्या पाइपावर दिलेला जस्ताचा थर लोखंडाला झाकतो, एवढेच नाही. थराला ओरखडा पडला तरी जस्त लोखंडाच्या आधी इलेक्ट्रॉन सोडते. स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. लोखंडी बोटींच्या पाण्याखालच्या भागाला जस्ताच्या वड्या बसवतात, त्या यासाठीच.

वर्गात करून पाहा

१०० मिलिलिटर पाण्यात ३ ग्रॅम मीठ, चिमूटभर पोटॅशियम फेरीसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलिनच्या द्रावणाचे काही थेंब घाला. सँडपेपरने घासलेल्या लोखंडी पट्टीवर या मिश्रणाचा एक थेंब ठेवा. थोड्या वेळाने थेंबाच्या मध्यभागी निळा आणि कडेला गुलाबी रंग दिसू लागेल. निळा रंग लोखंड झिजते तिथला, गुलाबी रंग हायड्रॉक्साइड बनते तिथला. (या मिश्रणात आम्ल घालू नये.)

दुसरा प्रयोग पावसाळ्याच्या तोंडावर सुरू करा. सहा सारखे खिळे घ्या. त्यांतला एक जस्ताचा थर असलेला घ्या. उरलेले पाच साधे खिळे घासून, साबणाने धुऊन, कोरडे करा. साध्यांपैकी एक तसाच ठेवा. उरलेल्या चारांना अनुक्रमे फवारा, खोबरेल, उन्हात सुकवलेले खुरासणीचे तेल आणि ग्रीस लावा. सगळे शाळेच्या वळचणीखाली एकाच दोरीवर टांगा. कोणता आधी गंजेल याचा अंदाज मुलांना आधीच लिहून ठेवायला सांगा आणि दर आठवड्याला नोंद करा. असाच आणखी एक खिळा एखाद्या मुलाच्या घरी चुलीवर टांगता आला तर फारच छान. विळा कसा राखायचा हे मुलांच्या घरच्यांना ठाऊक असतेच. त्यामागचे कारण शोधायचे काम वर्गात व्हावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.